गाठ आणि धागा

पेरणीला चाळीस-पंचेचाळीस दिवस झाले आणि सोयाबीन फुलावर आलं, की एक झाड मुळासकट काढून बघावं. हातानं धरून उपटायचं मात्र नाही. उपटलं, की जे बघायचं तेच मातीत तुटून राहतं. खोडापासून वीतभर लांब कुदळ घालून ढेकळासकट झाड उचलायचं, बादलीतल्या पाण्यात अर्धा तास तसंच ठेवायचं आणि माती आपली आपण सुटू द्यायची. मग सोटमुळाच्या वरच्या भागाला चिकटलेल्या, ज्वारीच्या दाण्याएवढ्या आणि त्याहून थोड्या मोठ्या गाठी दिसतात. एक गाठ नखानं चिरली, तर आतून गुलाबी-लाल निघते. लाल रंग म्हणजे गाठ कामावर आहे. आतून पांढरी असेल तर काम अजून सुरू व्हायचंय, किंवा ते कधी होणारही नाही. हिरवट-करडी असेल तर तिचे दिवस भरले.

इथवरची ओळख बऱ्याच जणांना असते. शाळेच्या पुस्तकात रायझोबियम भेटलेला असतो, पेरणीच्या वेळी कृषी सेवा केंद्रातून त्याचं २५० ग्रॅमचं पाकीटही आणलेलं असतं. पण त्याच मुळाच्या साध्या दिसणाऱ्या, गाठ नसलेल्या भागात दुसरंही एक बिऱ्हाड असतं. ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी बारीक मुळं कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात उकळून काचेसारखी करायची आणि मग व्हिनेगरमध्ये फाउंटन पेनची शाई मिसळून त्यात रंगवायची. ही साधी रीत १९९८ साली प्रसिद्ध झाली. पोटॅश हाताला लागू दिलं नाही, तर एखाद्या शाळेच्या प्रयोगशाळेतही ती जमेल. सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, की मुळाच्या पेशींच्या मधून शाईच्या रंगाचे धागे धावताना दिसतात आणि काही पेशींच्या आत एकेक इवलं झाड उभं असतं: खोड, फांद्या, फांद्यांना फांद्या, शेवटी धुकं वाटावं इतक्या बारीक डहाळ्या. हे झाड बुरशीचं. शास्त्रज्ञ त्याला आर्बस्क्यूल म्हणतात; मूळ लॅटिन शब्दाचा अर्थही छोटं झाड असाच आहे. ज्या मुळांत अशी बुरशी नांदते त्या जोडगोळीचं नाव मायकोरायझा, मराठीत कवकमूळ.

एका मुळात दोन पाहुणे. आपण वर्षानुवर्षं गाठीकडे बघत आलो आणि धाग्याकडे दुर्लक्ष करत आलो, आणि त्यामुळे गाठीचं कामही आपल्याला अर्धंच कळलं, असं माझं मत आहे.

गंमत अशी, की या दोघांचं बारसं एकाच माणसानं केलं. आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक हे बर्लिनमधले वनस्पतिशास्त्रज्ञ. प्रशियाच्या सरकारला ट्रफल नावाची महागडी भूछत्रं देशात पिकवायची होती आणि ती झाडांच्या मुळांशीच का उगवतात याचा तपास फ्रांक यांच्याकडे आला. ट्रफलची शेती काही उभी राहिली नाही. पण जंगली झाडांच्या मुळांवर बुरशीचं म्यान असतं आणि ते रोग म्हणून नव्हे तर झाडाला पोसणारं म्हणून, हे त्यांनी मांडलं आणि १८८५ साली ‘मायकोरायझा’ हा शब्द घडवला. त्यांनी बघितलेली बुरशी मुळाला बाहेरून लपेटणारी होती. आपल्या पिकांतली पेशीच्या आत शिरणारी, तिची जात वेगळी. पुढच्याच वर्षी बर्लिनमध्ये निसर्गशास्त्रज्ञांच्या संमेलनात हेर्मान हेलरीगेल यांनी सांगितलं, की वाटाणा हवेतला नत्र घेतो आणि तो घेण्याचं काम मुळावरच्या गाठींत होतं. त्यांनी आणि हेर्मान विल्फार्ट यांनी वाळूच्या कुंड्यांत ओट आणि वाटाणा वाढवले होते. नत्र नसलेल्या, निर्जंतुक केलेल्या वाळूत दोन्ही उपाशी राहिले. शेतातल्या मातीचं पाणी घातल्यावर ओट तसाच राहिला, वाटाणा मात्र तरारला. १८८८ मध्ये हॉलंडच्या मार्टिनस बायेरिंक यांनी गाठीतला जिवाणू वेगळा काढून वाढवला. आणि १८८९ मध्ये त्या जिवाणूला रायझोबियम हे नाव दिलं ते फ्रांक यांनी. दोन्ही नावांत मुळासाठीचा ग्रीक शब्द ‘रायझा’ आहे. एका घराण्याची दोन नावं ठेवून ते गेले. हे दोघे एकमेकांचे कोण लागतात, ते उमगायला पुढची शंभर वर्षं जावी लागली.

आधी गाठीचं काम बघू. एक एकर जमिनीच्या डोक्यावर जी हवा आहे, तिच्यात साधारण ३१ हजार टन नत्र असतो. हिशोब सोपा आहे: दर चौरस मीटरवर सुमारे दहा टन हवा आणि तिच्या वजनाचा तीन चतुर्थांश भाग नत्र. एवढी संपत्ती डोक्यावर असून पीक नत्रावाचून पिवळं पडतं, कारण नत्राचे दोन अणू तिहेरी बंधानं एकमेकांना जखडलेले असतात. युरियाच्या कारखान्यात त्यांना सोडवायला चारशे-पाचशे अंश सेल्सियस उष्णता आणि वातावरणाच्या शंभर-दोनशे पट दाब लागतो. गाठीतला जिवाणू तेच काम मातीच्या साध्या तापमानाला करतो. त्याच्याकडे नायट्रोजिनेज नावाचं एन्झाइम आहे, त्याच्या गाभ्यात लोह आणि मॉलिब्डेनम असतं. पण उष्णता आणि दाब वाचले म्हणून काम फुकट होत नाही. नत्राचा एक रेणू फोडायला एटीपीचे किमान सोळा रेणू खर्ची पडतात. एटीपी म्हणजे पेशीतलं ऊर्जेचं चलनी नाणं, आणि त्याच्या नावातलं शेवटचं ‘पी’ अक्षर फॉस्फेटचं, म्हणजे आपल्या शेतीच्या भाषेत स्फुरदाचं. एकेका एटीपीत तीन फॉस्फेट ओवलेली असतात. वापरलेलं नाणं पुन्हा पाडता येतं हे खरं, पण फिरतं भांडवल मोठं लागतं. त्याशिवाय गाठीत जिवाणूंची संख्या अफाट वाढते, प्रत्येक जिवाणूभोवती झाडानं दिलेलं पातळ आवरण असतं, आणि त्या आवरणांनाही स्फुरद लागतो, जनुकांच्या प्रतींनाही लागतो. म्हणून झाडाच्या इतर भागांपेक्षा गाठीत स्फुरदाचं प्रमाण जास्त सापडतं.

लाल रंगाचंही इथेच सांगायला हवं. नायट्रोजिनेजला ऑक्सिजन अजिबात खपत नाही, लागला की ते निकामी होतं. पण एटीपी बनवणाऱ्या जिवाणूला श्वासाला ऑक्सिजन हवाच. हा पेच झाडानं सोडवलाय तो आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावंडानं. लेगहिमोग्लोबिन ऑक्सिजनला धरून ठेवतं आणि मोजून मापून जिवाणूपर्यंत पोचवतं. गाठीतला हा लाल पदार्थ हिमोग्लोबिनच्या कुळातला आहे हे जपानच्या कुबो यांनी १९३९ मध्ये दाखवलं. नखानं चिरलेली गाठ लाल दिसते, तेव्हा आपण खरोखरच झाडाचं रक्त बघत असतो म्हटलं तरी चालेल.

तेव्हा नत्राची बाब शेवटी स्फुरदावर येऊन ठेपते. आणि स्फुरद हा मातीतला सगळ्यांत आळशी पोषक घटक. नायट्रेट पाण्याबरोबर वाहत मुळाशी येतं. फॉस्फेटला मातीत पाय रोवून बसायची सवय: आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत ते कॅल्शियमला चिकटतं, कोकणच्या जांभ्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियमला. मूळ आपल्या लगतचा स्फुरद काही दिवसांत उचलतं आणि मग त्याच्याभोवती एक-दोन मिलिमीटरचा रिकामा पट्टा तयार होतो. त्या पट्ट्यापलीकडे स्फुरद असतो, पण तो चालत येत नाही, आणि मुळावरचे केस सहसा तो पट्टा ओलांडत नाहीत.

बुरशीचा धागा तो पट्टा ओलांडून जातो. तो मुळापासून कित्येक सेंटिमीटर दूर पसरतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून कमी, त्यामुळे जिथे मुळाचं टोक घुसू शकत नाही अशा मातीच्या फटींतही तो शिरतो. चांगल्या जमिनीतल्या चिमूटभर मातीत असे कित्येक मीटर धागे असतात. तिथून उचललेला स्फुरद, आणि त्याच्याबरोबर जस्तही, धागा मुळात आणतो आणि त्या इवल्या झाडाच्या डहाळ्यांतून पेशीच्या हवाली करतो. बदल्यात झाड त्याला साखर देतं आणि स्निग्धाम्लंही देतं. या बुरशीला स्वतःची स्निग्धाम्लं बनवता येत नाहीत, ती झाडाकडूनच घ्यावी लागतात, हे २०१७ मध्ये एकापाठोपाठ एक प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून पक्कं झालं. म्हणूनच जिवंत मुळावाचून तिला पूर्णपणे वाढवता येत नाही. रायझोबियम मात्र साध्या पोषक द्रावणातही काही दिवसांत मावत नाही इतका वाढतो.

म्हणजे धागा स्फुरद आणतो, त्या स्फुरदावर गाठ चालते, गाठीच्या नत्रावर पानं हिरवी होतात, आणि हिरव्या पानांनी बनवलेल्या साखरेवर धागाही पोसला जातो आणि गाठही. जपानमध्ये असाई यांनी १९४४ सालीच नोंदवलं होतं, की वाफेनं निर्जंतुक केलेल्या मातीत अनेक शेंगावर्गीय झाडं खुरटतात आणि त्यांना गाठीही नीट येत नाहीत, मायकोरायझा मिळेपर्यंत. ती नोंद बराच काळ कोपऱ्यात पडून राहिली. १९७९ मध्ये बंगळूरच्या कृषी विद्यापीठातल्या डी. जे. बागियराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोयाबीनवर हाच प्रश्न कुंडीतून काढून शेतात नेला, आणि एकटं रायझोबियम दिलेल्या पिकापेक्षा दोन्ही एकत्र दिलेलं पीक सरस ठरलं.

हे झालं देवाणघेवाणीचं गणित. माझं मन जास्त रमतं ते याच्या आधीच्या गोष्टीत: आंधळ्या मातीत हे तिघं एकमेकांना शोधतात कसे, आणि झाड त्यांना घरात घेतं कसं?

सुरुवात ज्वारीच्या शेतातून करू. तिथे टारफुला नावाचं तण असतं. दिसायला नाजूक, पण ते ज्वारीच्या मुळात आपलं मूळ घुसवून तिचा रस पितं. त्याचं धुळीसारखं बारीक बी वर्षानुवर्षं मातीत पडून राहतं आणि यजमानाचं मूळ जवळ आलं तरच रुजतं. त्याला हे कळतं कसं? १९६६ साली अमेरिकेत कापसाच्या मुळांच्या स्रावातून एक रेणू वेगळा काढला गेला, त्याच्या सूक्ष्म मात्रेनं हे बी जागं होत होतं. टारफुल्याच्या शास्त्रीय नावावरून, स्ट्रायगा, त्या कुळाला स्ट्रायगोलॅक्टोन म्हटलं गेलं. पण झाडानं स्वतःच्या शत्रूला बोलावणारं रसायन मातीत सोडावंच का, हा प्रश्न जवळजवळ चाळीस वर्षं लोंबकळत राहिला. उत्तर २००५ मध्ये जपानमधून आलं. कोहकी अकियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की हाक बुरशीसाठी आहे. स्ट्रायगोलॅक्टोन लागताच बुरशीच्या धाग्याला भराभर फांद्या फुटतात आणि मुळाशी तिची गाठ पडण्याचा संभव वाढतो. टारफुला ही हाक चोरून ऐकतो.

आणि मूळ ही हाक मारतं केव्हा? उपाशी असताना. ज्वारीत नत्र कमी पडला तरी आणि स्फुरद कमी पडला तरी ती वाढते. शेंगावर्गातल्या तांबड्या क्लोव्हरमध्ये मात्र ती फक्त स्फुरदाच्या टंचाईत वाढते, नत्राच्या टंचाईचं तिच्याशी घेणं नाही. हे निष्कर्ष २००७ च्या सुमाराचे. अर्थ असा लावला गेला, की ज्वारीला नत्रासाठीही बुरशीची आशा असते. क्लोव्हरला त्या कामासाठी दुसरा गडी आहे. हा लहानसा प्रयोग मला फार आवडतो. झाडानं कामं वाटून दिली आहेत, हे त्यात उघड दिसतं.

दुसऱ्या गड्याला बोलवायची हाक वेगळी असते. नत्र कमी पडला की शेंगावर्गीय मूळ फ्लॅव्होनॉइड नावाची द्रव्यं सोडतं आणि ती ओळखणारा जिवाणू उत्तर म्हणून एक रेणू पाठवतो. त्याला नॉड घटक म्हणतात. लसूणघासाच्या जिवाणूकडून तो मिळवून त्याची रचना उलगडली ती फ्रान्समध्ये तुलूझ इथे, झ्याँ देनारिये यांच्या गटानं, १९९० मध्ये. रचना चकित करणारी निघाली: कायटिनच्या चार-पाच मण्यांची माळ आणि तिला स्निग्धाम्लाचं एक शेपूट. कायटिन म्हणजे खेकड्याच्या कवचातलं आणि बुरशीच्या भिंतीतलं द्रव्य. जिवाणूच्या भिंतीत ते नसतं. मग जिवाणूनं आपली ओळखपत्रिका बुरशीच्या लिपीत का लिहावी?

त्याच तुलूझच्या गटाकडे एकवीस वर्षांनी याचं उत्तर आलं. २०११ मध्ये त्यांनी मायकोरायझाच्या बुरशीतूनही जवळजवळ तसाच रेणू मिळवला. तीच माळ, तसंच शेपूट. जिवाणूनं जी भाषा उचलली ती मुळाला आधीपासून येत होती.

तोवर दुसऱ्या टोकानंही पुरावा येत होता. १९८९ मध्ये फ्रान्समधल्याच दिजाँ इथे वाटाण्याची अशी उत्परिवर्तित झाडं तपासली गेली, ज्यांना गाठी येत नव्हत्या. त्यांतल्या अनेकांच्या मुळात बुरशीही शिरू शकत नव्हती. एक जनुक बिघडलं आणि दोन्ही पाहुणे बाहेर राहिले. पुढे ही जनुकं एकेक करून सापडली. दाराबाहेरचे पहारेकरी वेगवेगळे आहेत, बुरशीचा निरोप एक जण घेतो आणि जिवाणूचा दुसरा; पण निरोप आत पोचवणारी ओसरी एकच. तिथे मुळाच्या पेशीच्या केंद्रकात कॅल्शियमची पातळी दर मिनिट-दोन मिनिटांनी वरखाली होऊ लागते, नाडीचे ठोके पडावेत तशी. नॉड घटकानं हे ठोके सुरू होतात हे १९९६ मध्ये दिसलं. बुरशीनंही होतात हे नंतर कळलं. ठोके मोजून पुढचा हुकूम सोडणारं एक एन्झाइम आहे. २००६ मध्ये ते एन्झाइम कायमचं ‘चालू’ ठेवलं, तर आत एकही जिवाणू नसताना मुळावर गाठी उगवल्या. घर तयार, राहायला कोणी नाही.

आत येण्याची वाटसुद्धा सारखीच. तुरीन इथल्या शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये फ्रेंच सहकाऱ्यांसह बघितलं, की बुरशीचा धागा मुळाच्या सालीला टेकतो, पण लगेच आत घुसत नाही. तो थांबतो. तेवढ्यात पेशीचं केंद्रक टेकल्या जागेकडे सरकतं आणि मग पेशीच्या आरपार चालत जातं. त्याच्या मागे मागे पेशी स्वतःच एक बोगदा बांधते. बोगदा पुरा झाल्यावरच धागा आत येतो. जिवाणूसाठीही मुळाच्या केसात असाच बोगदा बांधला जातो आणि तिथेही केंद्रक पुढे चालतं. (भुईमुगात तऱ्हा निराळी: तिथे जिवाणू केसातून न येता उपमुळं फुटताना पडलेल्या फटीतून शिरतो, म्हणून भुईमुगाच्या गाठी उपमुळांच्या बेचक्यात बसलेल्या असतात.)

आता काळाचा हिशोब घ्या. स्कॉटलंडमधल्या राइनी गावाजवळ सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीचा खडक आहे. त्यात गरम झऱ्यांच्या पाण्यानं दगड होऊन राहिलेल्या वनस्पती आहेत. त्यांना खरी मुळंसुद्धा नव्हती, पण त्यांच्या पेशींत ती इवली झाडं होती, आजच्या सोयाबीनच्या मुळात दिसतात तशीच. झाडं जमिनीवर आली ती बुरशीचं बोट धरून. गाठी फार नंतरच्या, सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास सुरू झालेल्या. तेव्हा या दोघांतला जुना कोण आणि नवा कोण, याबद्दल शंका उरत नाही. बुरशीसाठी बांधलेल्या दारातून जिवाणू आत आला.

या गोष्टीला एक विलक्षण पुरवणी आहे. ल्युपिन नावाचं शेंगावर्गीय झाड बुरशीला सोडून बसलंय. त्याच्या काही जाती आपल्या मुळांना ब्रशसारखे झुपके काढतात आणि आम्लं सोडून स्फुरद स्वतःच विरघळवतात. जे वंश बुरशी आणि जिवाणू दोघांनाही मुकले, उदाहरणार्थ मोहरी-कोबीचं कुळ, त्यांच्यात त्या सामाईक ओसरीची जनुकं नाहीशी झाली आहेत. ल्युपिनमध्ये मात्र ती शाबूत आहेत, कारण जिवाणू अजून येतो-जातो.

दोन पाहुणे पोसायचे तर घरच्या धान्याचाही विचार करावा लागतो. पानांनी बनवलेल्या अन्नातला ४ ते २० टक्के वाटा एकट्या बुरशीकडे जातो, गाठींचा खर्च वेगळा. म्हणून झाड दोघांवरही लगाम ठेवतं. मुळावर पुरेशा गाठी झाल्या, की मुळातून छोटी प्रथिनं निरोप घेऊन पानांपर्यंत जातात आणि पानांकडून ‘आता पुरे’ असा हुकूम खाली येतो. ज्या उत्परिवर्तित झाडांत ही ताकीद पोचत नाही, त्यांच्या मुळावर गाठींचे घोसच्या घोस लागतात, झाड मात्र खुजं राहतं. अशा झाडांत बुरशीही बेसुमार पसरलेली आढळते. लसूणघासाची मुळं दोन कुंड्यांत विभागून २००३ मध्ये केलेल्या प्रयोगात एका बाजूला आधी बुरशी दिली, तर दुसऱ्या बाजूच्या गाठी घटल्या. आधी जिवाणू दिला, तर दुसऱ्या बाजूची बुरशी घटली. घरात एका हाताशी जेवढे गडी ठेवायचे ते ठरलेले आहेत, मग ते कोणत्या जातीचे का असेनात.

आणि खाऊन काम न करणाऱ्याचं काय? त्याच वर्षी टोबी कीअर्स यांनी सोयाबीनच्या गाठींभोवतीच्या हवेतला नत्र काढून जवळपास सगळी जागा आर्गॉननं भरली. जिवाणू इच्छा असूनही नत्र देऊ शकत नव्हते. झाडानं त्या गाठींचा ऑक्सिजन कमी केला आणि तिथल्या जिवाणूंची वाढ सुमारे निम्म्यावर आली. बुरशीच्या बाबतीतही जास्त स्फुरद देणाऱ्या धाग्याला जास्त साखर मिळते, हे पुढे २०११ मध्ये दिसलं. हे सहजीवन प्रेमळ आहे, पण डोळस आहे.

यातूनच शेतातली एक अडचण समजते. पेरणीला भरपूर डीएपी टाकलं, तर मुळाला ना नत्राची भूक राहते ना स्फुरदाची. हाकाच मारल्या जात नाहीत. गाठी कमी येतात, धागे कमी शिरतात आणि मग आपण म्हणतो, संवर्धकाचा काही उपयोग झाला नाही. खताला माझा विरोध नाही. स्फुरदाची खरोखर टंचाई असलेल्या जमिनीत थोडा सुरुवातीचा डोस गाठींनाही मदतच करतो. पण माती परीक्षण न करता दरवर्षी तीच पोती रिकामी करणं, म्हणजे दोन फुकटच्या गड्यांना दारातूनच परत पाठवणं.

बीजप्रक्रियेचा क्रमही याच कारणानं महत्त्वाचा. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, आणि सगळ्यात शेवटी, पेरणीच्या थोडं आधी, गुळाच्या पाण्यात कालवलेलं जिवाणू संवर्धक. मग बी सावलीत सुकवून लगेच पेरायचं. सोयाबीन हे पाहुणं पीक असल्यानं ज्या शेतात ते प्रथमच येतंय तिथे त्याचा खास जिवाणू असेलच असं नाही, तिथे संवर्धक नक्की लागतं. तुरीचं तसं नाही, तिचे जिवाणू आपल्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मायकोरायझाचं खत मात्र बियाण्यापेक्षा बियाण्याच्या खालच्या मातीत पडलेलं बरं, म्हणजे पहिल्या मुळाला ते आडवं येतं. आणि बुरशीनाशक निवडताना एवढं लक्षात ठेवावं, की बुरशीविना पीक कसं येतं हे तपासायचं असेल तेव्हा संशोधक बेनोमिल नावाचं बुरशीनाशक वापरत आले आहेत, आणि आपल्याकडचं परिचित कार्बेन्डाझिम हे त्याच कुळातलं.

तुरीबद्दल आणखी एक. हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेत काम करताना नोरिहारू ए आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखवलं, की तुरीच्या मुळातून पिसिडिक नावाचं आम्ल सुटतं आणि ते लोहाला चिकटलेला, ज्वारी-सोयाबीनला न सुटणारा स्फुरद मोकळा करतं. ज्वारीच्या ओळींत तुरीचं तास टाकण्याची आपल्याकडची जुनी पद्धत या बाजूनंही बघावी. तूर आपल्या आम्लानं स्फुरद सोडवते, दोन्ही पिकांच्या मुळांत एकाच जातीची बुरशी राहू शकते, आणि तिचे धागे एका ओळीतून दुसऱ्या ओळीत जाऊ शकतात. प्रयोगशाळेत तर असंही दिसलंय, की रायझोबियम या धाग्यांच्या ओल्या पृष्ठभागावरून सरकत एका मुळाकडून दुसऱ्या मुळाकडे पोचतो. धागा स्फुरद तर आणतोच, जिवाणूला वाटही देतो.

शेतकऱ्यांच्या भाषेत ‘बेवड’ म्हणून एक शब्द आहे. आधीच्या पिकानं पुढच्या पिकासाठी जमिनीत जे चांगलं मागे ठेवलं, तो बेवड. भुईमुगाचा बेवड, हरभऱ्याचा बेवड, तागाचा बेवड. पुस्तकात त्याचं स्पष्टीकरण नत्र असं दिलेलं असतं. पण धान्य पिकल्यावर गाठीतल्या नत्राचा मोठा वाटा दाण्यांतून घरी जातो, हे विसरलं जातं. मग उरलेल्या पाल्यामुळांच्या नत्राशिवाय बेवडात आणखी काय असतं? ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये आपल्यासारखीच काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी जमीन आहे. तिथे पाणी साठावं म्हणून शेतं वर्षभराहूनही जास्त पडीक ठेवत आणि मग पेरलेलं पीक स्फुरद-जस्ताच्या उपासमारीनं खुरटत असे. पाणी असूनही असं का, याचा उलगडा जॉन थॉम्पसन यांनी १९८७ मध्ये केला: इतके दिवस जिवंत मूळ नसल्यानं मातीतली बुरशीच उपाशी मरत होती. बेवडाचा एक भाग हा जिवंत असतो. तो मोहरीच्या किंवा पालकाच्या मागे उरत नाही, कारण त्यांच्या मुळांत ही बुरशी नांदत नाही. खोल नांगरटीत आणि उन्हाळाभराच्या रिकाम्या शेतात तो झिजतो.

दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन निघतं आणि वाफसा असेल तर त्याच शेतात हरभरा पडतो. सोयाबीनच्या गाठी तोवर करड्या होऊन कुजायला लागलेल्या असतात आणि त्यांतले जिवाणू हरभऱ्याच्या कामाचे नाहीत, त्याचा जिवाणू निराळा. पण सोयाबीनच्या तुटक्या मुळांतले धागे आणि बीजाणू हरभऱ्याचेही आहेत. पाच-सहा दिवसांत हरभऱ्याला कोंब येतो, पांढरं मूळ खाली उतरू लागतं आणि स्फुरदाची भूक लागताच हाक मारतं. वर दोन-चार पानं फुटत असतात, तेव्हा खाली एखादा जुना धागा त्या नव्या सालीला येऊन टेकलेला असतो, आणि सालीतल्या एका पेशीचं केंद्रक हळूहळू त्याच्या दिशेनं सरकत असतं. पहिल्या गाठीला अजून दोन-तीन आठवडे आहेत.